एलएसडी बसवूनही घाटात आतलं चाक पुन्हा पुन्हा फिरतं : दोष कसा शोधायचा, टिकणारा एलएसडी कसा निवडायचा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढताना, वळण सुटता सुटता दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आतलं पुढचं चाक नुसतं गरगरतं, स्टिअरिंग हातात हलकं पडतं आणि गाडी वळणाबाहेर सरकते. साध्या डिफरन्शियलच्या (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीत यात नवल नाही. पण या गाडीत एलएसडी आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी पकड असलेल्या चाकाला जोर देणारं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. दिवाळीत बसवला, मार्चपर्यंत गाडीने वळणं छान चिकटून काढली, आणि मिरगाच्या पहिल्या पावसात पुन्हा तेच. गिअरबॉक्स उतरवला, एलएसडीत घर्षणाने दोन्ही चाकं बांधणाऱ्या प्लेटा नव्या घातल्या. पुढच्या मिरगाला परत तीच रड.

दुसऱ्यांदा प्लेटा मागवण्याआधी थांबा. प्लेटा झिजणं हे लक्षण आहे. त्या का झिजल्या हे न शोधता नवा संच घातला तर तोही तेवढ्याच किलोमीटरवर संपतो, आणि प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी वेगळी. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात गाडी रोज हायवेवर चालते, शनिवार-रविवारी चोर्ल्याला किंवा आंबोलीला चढते, आणि वर्षातून एखाद्या वेळी ऑटोक्रॉसला (मैदानावरच्या घड्याळाशी शर्यतीला) उतरते. अशा गाडीत बहुतेकदा चुकलेली असते ती एलएसडीची जात : प्लेटचा की हेलिकल. कंपनीच्या नावावर वेळ घालवण्याआधी जात तपासा.

आधी दोष एलएसडीचाच आहे का, ते बघा

सुरुवात टायरांपासून. पुढचा एक टायर फुटला म्हणून नवा घातला आणि दुसरा अर्धा झिजलेला तसाच ठेवला, हे इथे सर्रास होतं. १८५/६० आर १५ टायर एका फेरीत साधारण १.८५ मीटर पुढे जातो. एकाची नक्षी ७ मि.मी. आणि दुसऱ्याची ३ मि.मी. असेल, तर त्रिज्येत ४ मि.मी. आणि परिघात जवळपास २५ मि.मी.चा फरक पडतो. म्हणजे किलोमीटरमागे एक चाक दुसऱ्यापेक्षा सात फेऱ्या जास्त फिरतं. बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटरचा हायवे धरला, तर एका खेपेत सुमारे ८०० फेऱ्या. वळण नाही, घाट नाही, तरी सरळ रस्त्यावर प्लेटा तेवढा वेळ एकमेकींवर घासत राहतात. ज्याने एलएसडी घाटासाठी बसवला, त्याचा एलएसडी हायवेवरच खपतो.

हा फरक मोजताना गाडी ढकलून खडूच्या खुणा करू नका. प्लेटचा एलएसडी दोन्ही चाकं सारखीच फिरवायला बघतो, त्यामुळे फरक लपतो. दोन्ही टायरांत हवा सारखी भरा, चाकं उचला, नक्षीच्या बरोबर मध्यावरून कापडी टेप गुंडाळा आणि परिघ मोजा. ५ मि.मी.पेक्षा जास्त फरक दिसला तर एकाच कंपनीची, एकाच नक्षीची नवी जोडी घ्या. मागचे चालणारे टायर पुढे आणण्यानेही काम भागतं, पण जोडी जुळलेली हवी.

दुसरं, चाक हवेत उचललं जातंय का ते बघा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) फार कडक असेल, किंवा स्प्रिंग कापून गाडी बसवली असेल, तर वळणात आतल्या पुढच्या चाकावरचं वजनच जातं. वजन गेलं की चांगला एलएसडीसुद्धा हतबल होतो. अशा वेळी मागचा बार थोडा कडक केला तर आतलं पुढचं चाक जमिनीवर जास्त टेकून राहतं. हा उपाय एलएसडीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि तो आधीच करून बघायला हवा. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढासारख्या अरुंद, तीव्र वळणावर मित्राला बाहेरच्या बाजूला सुरक्षित उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. चाक उचललं जातंय का, हे त्यात स्पष्ट दिसतं.

इंजिनाचे माउंट फाटले असतील तर चाक टपाटप उड्या मारतं. तो आवाज प्लेटा खडखडल्यासारखा येतो आणि एलएसडीला उगाच दोष मिळतो. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, क्लच अर्धा सोडून इंजिन किती हलतं ते कुणाला तरी बाजूला उभं राहून बघायला सांगा. गाडीच्या समोर उभं राहायचं नाही.

सुटण्याचा टॉर्क मोजणं : अर्ध्या तासाचं काम

ही चाचणी केल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. एक चाक जमिनीवर धरलं असताना दुसरं फिरवायला किती जोर लागतो, एवढंच यात मोजायचं असतं.

गाडी सपाट फरशीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. पुढचं फक्त एक चाक जमिनीपासून बोटभर उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका, कारण तुम्ही चाकाला जोर लावणार आहात. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. गिअर पडलेला असेल तर साधं डिफरन्शियलसुद्धा हलणार नाही, आणि "काय जबरदस्त लॉक होतंय" असा गैरसमज होईल.

आता टॉर्क पाना. टक् आवाज करणारा नको, काटा दाखवणारा घ्या, कारण आपल्याला चाक फिरत असतानाचा आकडा वाचायचा आहे. पाना सरळ हबच्या नटावर लावायचा झाला तर नट आवळण्याच्या दिशेनेच फिरवा, नाहीतर नट ढिला होईल. त्याहून चांगलं म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर ८ मि.मी. जाडीची गोल पट्टी करून घ्या. चाकाच्या बोल्टांच्या मापाची भोकं, बरोबर मध्यावर वेल्ड केलेला एक मोठा नट. ही पट्टी बोल्टांवर आवळायची आणि मधल्या नटावर पाना घालायचा. एकदा केली की आयुष्यभर पुरते.

पाना हळूहळू, एका गतीने ओढा. सुरुवातीचा झटका सोडून द्या आणि चाक संथ फिरत असताना काटा कुठे स्थिर राहतो ते वाचा. तीनदा वाचा. मग दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रलमध्येच ठेवून, तेच चाक पुन्हा फिरवा. दुसरं चाक बरोबर फिरत असेल तर हा आकडा ब्रेक पॅडच्या आणि बेअरिंगच्या घासण्याचा आहे. पहिल्यातून दुसरा वजा केला की एलएसडीचा खरा आकडा अंदाजाने हाती येतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये वजाबाकीनंतर जवळजवळ काहीच उरत नाही. रस्त्यासाठी बांधलेल्या प्लेटच्या एलएसडीत साधारण ४० ते ८० न्यूटन-मीटर मिळतात, स्पर्धेच्या गाडीत त्याहून जास्त. तुमच्या युनिटचा नेमका आकडा त्याच्या कागदावर असतो, तोच खरा धरायचा. बसवताना ७० होता आणि आता १५ आला, तर प्लेटांचा दाब गेला. पण आकडा अजून ६० असेल आणि तरी चाक फिरत असेल, तर एलएसडी मेलेला नाही. पुन्हा वर जा आणि टायर, बार, माउंट तपासा.

हेलिकल जातीच्या एलएसडीत, म्हणजे प्लेटांऐवजी तिरप्या दातांच्या गिअरवर चालणाऱ्या क्वेफ किंवा टॉर्सनसारख्या युनिटमध्ये, हा आकडा नवा असतानाच शून्याजवळ येऊ शकतो. तो दोष नाही. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगली युनिटं "खराब" म्हणून उतरवली जातात.

मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून जुना गिअरबॉक्स "एलएसडीवाला" म्हणून घेत असाल तर आणखी एक तपासणी. डिफरन्शियलची बाहेरची केस पकडून ठेवायची, आणि एका बाजूचा शाफ्ट फिरवायचा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरा शाफ्ट उलट दिशेला सहज फिरतो. चालू प्लेटच्या एलएसडीत तो हाताने फिरतच नाही. हेलिकलमध्ये उलट फिरतो, पण जरा जड आणि गुळगुळीत. त्यामुळे उलट फिरलं म्हणजे एलएसडी नाही, असा निकाल लावू नका. भोकातून आत बघा. शंकूच्या आकाराचे चार गिअर दिसले तर साधं, तिरप्या दातांचे लांबट गिअर दिसले तर हेलिकल.

ऑइल काढा आणि डोळ्यांनी बघा

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा, मग ऑइल स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांमध्ये चोळल्यावर खरखर लागली, किंवा नखाने उचलता येतील असे चकचकीत पापुद्रे दिसले, तर प्लेटा किंवा बेअरिंग खाल्लं जातंय. पिवळसर सोनेरी चमक असेल तर ती गिअर सहज पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगची. जळका, करपलेला वास आला तर प्लेटा तापून गेल्या आहेत.

आणि ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात हे विशेष बघायला हवं. घाट चढून तापलेला गिअरबॉक्स ओढ्यावरच्या बुडालेल्या पुलावरून गेला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या भोकातून) किंवा ड्राइव्हशाफ्टच्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वरून काहीच दिसत नाही. पाणी मिसळलेलं ऑइल प्लेटांवर थर धरत नाही, गंज चढतो, आणि एलएसडी लवकर संपतो. "पावसातच का बिघडतो" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. उपाय सोपा आहे. ब्रीदरला चांगल्या प्रतीची रबरी नळी लावून ती बॅटरीच्या उंचीपर्यंत वर न्या आणि तोंड खाली वळवून बांधा. आतलं ऑइल दोनदा बदला : पहिलं भरून पन्नास किलोमीटर चालवून काढा, मग खरं ऑइल भरा.

प्लेटा इतक्या लवकर का संपतात

प्लेटच्या एलएसडीत दोन दाब-रिंगा असतात आणि त्यांच्यामध्ये क्रॉस शाफ्ट उताराच्या खाचेत बसलेला असतो. इंजिनाचा जोर आला की शाफ्ट उतारावर चढतो, रिंगा बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटांचा गठ्ठा दाबला जातो. जोर नसतानाही थोडा दाब राहावा म्हणून थाळीसारखी स्प्रिंग असते. वर मोजला तो आकडा याच स्प्रिंगचा.

आता झीज किती लागते ते बघा. गठ्ठ्यात १२ प्लेटा आहेत आणि प्रत्येकीची फक्त ०.०२ मि.मी. झीज झाली. एकूण ०.२४ मि.मी. थाळीच्या स्प्रिंगला एवढा ढिलेपणा बराच होतो, दाब बराच खाली येऊ शकतो. मायक्रोमीटरने एकेक प्लेट मोजली तर "अजून मापात आहे" असंच वाटतं, म्हणून गठ्ठा एकत्र दाबून मोजावा लागतो. अनेक कंपन्या थोड्या जाड प्लेटा वेगळ्या देतात. बाकीच्या प्लेटा सरळ असतील, निळ्या पडलेल्या नसतील, तर एक-दोन जाड प्लेटा घालून दाब परत आणता येतो. सगळा संच टाकून द्यायची गरज नसते.

पुढच्या चाकांच्या गाडीत अडचण आणखी मुळाशी आहे. तिथे डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स एकाच हौसिंगमध्ये असतात, एकच ऑइल पितात. सिंक्रोला जीएल-४ दर्जाचं ऑइल हवं असतं, थोडं चिकटून पकडणारं. प्लेटच्या एलएसडीला जीएल-५, तेही प्लेटांसाठीची रसायनं मिसळलेलं लागतं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. काही गिअरबॉक्समध्ये ती पितळी सिंक्रोला मानवत नाही, आणि घसरटपणामुळे गिअर अडकत पडतो. मग गिअर नीट पडावा म्हणून मेस्त्री पुन्हा जीएल-४ भरतो, आणि प्लेटा खडखडत झिजतात. कुणाचीच चूक नाही, पण एका भांड्यात दोन विरुद्ध गरजा घातल्या आहेत. पुढच्या चाकांच्या, रोज वापरायच्या गाडीत प्लेटचा एलएसडी न टिकण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि विकणारा ते सहसा सांगत नाही.

मागच्या चाकांच्या गाडीत हा पेच नसतो. तिथे हौसिंगचं ऑइल वेगळं. ७५डब्ल्यू-९० किंवा स्पर्धेला ७५डब्ल्यू-१४०, जीएल-५, आणि लागलं तर फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांची पकड सौम्य करणारं मिश्रण. हा मॉडिफायर साधारण १२० मि.ली.च्या बाटलीत मिळतो. सगळी बाटली एकदम ओतू नका. आधी अर्धी घाला, मोकळ्या मैदानात दोन्हीकडे दहा-दहा आठ आकडे काढा, आणि तरीही वळताना मागून गुरगुर, धक्के येत राहिले तरच थोडी थोडी वाढवा. जास्त झालं की प्लेटा घसरायला लागतात. "नवा एलएसडी लागतच नाही" या तक्रारीमागे कैक वेळा हीच ओतलेली बाटली असते.

मग घ्यायचा कुठला

रोज चालणारी, पुढची चाकं ओढणारी, घाटात जोरात पळणारी गाडी : हेलिकल. यात झिजणाऱ्या प्लेटा नाहीत. तिरप्या दातांचे गिअर जोर आल्यावर आपल्याच खणाच्या भिंतींवर आणि टोकांवर दाबले जातात, त्या घर्षणाने जोर पकड असलेल्या चाकाकडे वळतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेलं गिअरबॉक्स ऑइलच त्याला चालतं, मॉडिफायर लागत नाही. होंडाच्या इंटेग्रा टाइप-आरमध्ये कंपनीने हीच जात दिली होती, आणि माझदाच्या एमएक्स-५ मध्ये १.६ लिटर इंजिनावेळचा व्हिस्कस एलएसडी जाऊन १.८ बरोबर टॉर्सन आला.

हेलिकलची मर्यादाही समजून घ्या. तो गुणाकार करतो. समजा त्याचा बायस रेशो २.५ आहे आणि घसरणारं चाक १०० न्यूटन-मीटर झेलतंय, तर दुसऱ्याला २५० पर्यंत मिळतात. पण चाक हवेत गेलं, शून्य झेलतंय, तर शून्य गुणिले अडीच शून्यच. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श केला तर फिरणाऱ्या चाकाला काहीतरी विरोध मिळतो. ४० न्यूटन-मीटरचा ब्रेक लागला तर दुसरीकडे १०० जातात, त्यातले ४० तिथला ब्रेक खातो, उरतात ६०. फार नाही, पण चिखलातून बाहेर निघायला तेवढे पुरतात. म्हणून हेलिकल घेणाऱ्याने चाक उचलण्याचा दोष आधी काढायलाच हवा. चाक उचललं जाणारच असेल, तर वेव्हट्रॅकसारखी युनिटं आहेत, ज्यात शून्य भारावरही आतून दाब तयार व्हायची सोय असते.

ऑटोक्रॉस, चिकमगळूरसारख्या मातीच्या रॅल्या, किंवा कोईमतूरच्या कारी ट्रॅकसाठीच ठेवलेली गाडी असेल तर प्लेटचा एलएसडीच घ्या. खड्ड्यात चाक उडालं तरी तो ओढतो, आणि हवा तसा जुळवता येतो. पण मग तो दर हंगामाला उघडायचा, मोजायचा, हे ठरवूनच घ्या. उताराचे कोन इथे निर्णायक आहेत. कोन जितका लहान तितकी पकड जास्त. ४५ अंश म्हणजे चांगली जोरदार, ६० म्हणजे सौम्य, ९० म्हणजे त्या दिशेला काहीच नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत जोर देतानाच्या बाजूला ४५ आणि पाय काढल्यावरच्या बाजूला ८० ते ९० पासून सुरुवात करा. दोन्हीकडे सारखा कोन, म्हणजे टू-वे, अशा गाडीत रस्त्यावर घेऊ नका. ओल्या जांभ्याच्या वळणावर पाय काढला तरी दोन्ही चाकं बांधलेली राहतात, गाडी वळायचं सोडून सरळ दरीकडे जाते. चोर्ल्यात पावसाळ्यात धुकं असतं, तिथे हा धोका नको.

मागच्या चाकांच्या गाडीला दीड-वे, म्हणजे पाय काढल्यावर कमी पकडणारा, चांगला. टू-वे ड्रिफ्टसाठी.

व्हिस्कस जुना मिळत असेल तर सोडा. आतलं सिलिकॉन ऑइल म्हातारं झालं की युनिट बंदच असतं, उघडून दुरुस्त करण्याजोगं नाही. थारमधल्या ईटनच्या मेकॅनिकल लॉकरला इथे पुष्कळ जण एलएसडी म्हणतात. तो एलएसडी नव्हे. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो पूर्ण लॉक होतो आणि वेग वाढला की लॉकच होत नाही. उसाच्या फडातून गाडी काढायला उत्तम, वळणातल्या पकडीशी त्याचा संबंध नाही. ब्रेक लावून आतलं चाक धरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही गाड्यांत येते. ती घाटात पॅड तापवते आणि खाते. एलएसडी बसवल्यावर ती चालू राहिली तरी चालतं, तिला कामच कमी उरतं.

मागवण्याआधी गाडीच्या नावावर विसंबू नका. नाव तेच असलं तरी परदेशातल्या स्पोर्ट मॉडेलचा गिअरबॉक्स वेगळा असू शकतो. गिअरबॉक्सवर कोरलेला कोड, ड्राइव्हशाफ्टच्या स्प्लाइनचे दाते मोजून, क्राउनच्या (डिफरन्शियलवर बसणाऱ्या मोठ्या गिअरच्या) बोल्टांची संख्या आणि वर्तुळाचा व्यास, बेअरिंगवरचा नंबर : हे चारही विकणाऱ्याला लिहून पाठवा आणि त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या.

बसवताना जे चुकतं

चांगला हेलिकलसुद्धा सहा महिन्यांत फुटतो, आणि तो बहुधा बसवण्यामुळे फुटतो.

फोक्सवॅगनच्या बऱ्याच जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये क्राउन रिव्हेट मारून बसवलेला असतो. रिव्हेट ड्रिल करून काढायचे आणि जागी त्या कामासाठीचे उच्च ताकदीचे बोल्ट घालायचे. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा बोल्ट चालत नाही, डोकं किंवा लांबी हौसिंगला घासते. ड्रिलचा भुसा आत पडला तर हेलिकलच्या खणाच्या भिंती तोच खातो, म्हणून ड्रिलिंग गिअरबॉक्सपासून लांब, वेगळ्या बाकावर करा.

क्राउन घट्ट बसत असेल तर तो ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास तापवा. गॅसची ज्योत लावायची नाही, दातांचं पाणी उतरतं. हातोडीही नाही. बोल्ट नवे, भोकांतला जुना लॉकटाइट साफ केलेला, आवळणं समोरासमोर आणि तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कवर. आवळल्यावर डायल गेज लावून क्राउन डोलतोय का बघा. ०.०५ मि.मी.च्या वर गेला तर उघडा, बहुधा मध्ये कचरा किंवा धातूची उठलेली कड असते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बेअरिंगच्या शिमांकडे, म्हणजे बेअरिंग नेमकं घट्ट बसवणाऱ्या मापाच्या पातळ रिंगांकडे. नव्या एलएसडीची उंची जुन्या डिफरन्शियलएवढीच असेल असं धरून जुनेच शिम परत घातले जातात. फरक ०.१ मि.मी.चा असला तरी टेपर बेअरिंग ढिलं राहतं, जोर आला की क्राउन बाजूला सरकतो, आधी पाय दिल्यावर घरघर येते, मग दाते तुटतात. फार घट्ट झालं तर बेअरिंग तापून निळं पडतं. शिम मोजूनच घालायचे. मेस्त्रीला आधीच स्पष्ट सांगा : "मामा, जुने शिम परत घालायचे नाहीत. आधी प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) मोजू, मग शिम मापाने घासून घेऊ." उद्यमबागेत सरफेस ग्राइंडर असलेली दुकानं भरपूर आहेत, शिम ०.०१ मि.मी.पर्यंत ग्राइंड करून मिळतो. मागच्या चाकांच्या हौसिंगमध्ये याच्या जोडीला क्राउन-पिनियनमधली मोकळीक मोजा, ती साधारण ०.१० ते ०.२० मि.मी. असते, आणि दातांना रंग लावून ठसा दाताच्या मध्यावर पडतोय का बघा.

दोन्ही ड्राइव्हशाफ्ट सील नवे घाला. एलएसडीच्या बोअरची कड सीलला चिरत नाही ना, बोट फिरवून बघा. शाफ्ट आत ढकलल्यावर सर्क्लिप टक् करून बसलं पाहिजे. न बसलेला शाफ्ट पहिल्याच घाटात बाहेर येतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर.

पहिले हजार किलोमीटर

हेलिकलला फार लाड लागत नाहीत. ५०० किलोमीटरवर पहिलं ऑइल बदला, चुंबक पुसा. प्लेटच्या एलएसडीला मात्र बसवल्या दिवशी प्लेटा एकमेकींवर बसवाव्या लागतात : मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने अर्धा तास आठ आकडे, मधे मधे थांबून थंड करत. मग ऑइल गरम असतानाच काढा. ते काळं निघणारच. त्यानंतर सुटण्याचा टॉर्क मोजा, आणि पुढे तुलना याच आकड्याशी करा, कागदावरच्या आकड्याशी नव्हे. तारीख, किलोमीटर आणि आकडा बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी एक ओळ वाढवा.

त्यानंतर ऑइल : रस्त्यावरच्या हेलिकलला २० हजार किलोमीटर किंवा दर पावसाळ्यानंतर, जे आधी येईल ते. प्लेटच्या गाडीला प्रत्येक दोन-तीन स्पर्धांनंतर.

सगळं नीट करूनही उसाच्या हंगामात, संकेश्वर-निपाणी रस्त्यावर ट्रॉल्यांनी पाडलेला पाला आणि चिखल असताना चाक क्षणभर फिरलं, तर एलएसडी उघडायला धावू नका. दोन्ही चाकांखाली पकडच नसेल तर वळवायला जोर उरत नाही. कोरड्या डांबरावर, एकाच वळणावर, डावीकडे आणि उजवीकडे करून बघा. दोन्हीकडे चाक न फिरता गाडी सारखी वागली तर एलएसडी ठीक आहे. एकाच बाजूला फिरलं, तर त्या बाजूचा शॉक, टायरची हवा आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा तपासा. त्या सांध्याचा बूट फाटून ग्रीस उडालेलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात.